शाईची परीक्षा लाँगबुकवर करा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत फाउंटन पेनच्या शायांची तुलना करणारा लेख आला. बॉलपेन आणि जेलपेनच्या राज्यात कुणी शाईला अर्धं पान दिलं, त्याबद्दल आधी आभार. पण त्या लेखातला तक्ता पाहून मराठवाड्यातल्या वाचकाने बाटली घेतली, तर पैसे वाया जाण्याचीच शक्यता जास्त. तक्त्यात शाईचं नाव होतं, रंगाचा चौकोन होता आणि पाचपैकी तारे होते. पेन कोणतं, निब कोणती, कागद कुठला, महिना कोणता, पेन कशाने धुतलं, यातलं काहीच नव्हतं. शाईचा गुण बाटलीत अर्धाच असतो. उरलेला अर्धा पेन, कागद, पाणी आणि हवा मिळून ठरवतात. आणि यातल्या शेवटच्या तीन गोष्टी परभणी-लातुरात आणि पुण्या-मुंबईत एकसारख्या नाहीत.

आधी कागद, कारण सगळ्यात मोठा घोटाळा तिथे आहे. कागद म्हणजे तंतूंची दाबलेली जाळी. कापडाला खळ देतात तशी गिरणीत कागदालाही खळ दिलेली असते, म्हणून शाई वरच्या वर बसते. खळ कमी पडली की शाई तंतूंच्या वाटेने धावते आणि आपण म्हणतो, ‘शाई फुटली’. शाळेच्या स्वस्त लाँगबुकवर लिहिलेला ‘ळ’ सराफाच्या दहापट भिंगाखाली धरून पाहा. रेघेच्या दोन्ही कडांना बारीक केस फुटलेले दिसतील आणि ‘ळ’ची दोन्ही पोटं जवळजवळ भरून आलेली असतील. तीच शाई, तेच पेन, पण चांगल्या कागदावर त्याच ‘ळ’ची कड ब्लेडने कापल्यासारखी दिसते.

लोक जीएसएम बघून कागद घेतात. जीएसएम हे वजन आहे, म्हणजे एक चौरस मीटर कागद किती ग्रॅम भरतो तो आकडा. ती खळ नव्हे. शाईचे शौकीन ज्याचं एवढं कौतुक करतात तो तोमोए रिव्हर हा जपानी कागद ५२ जीएसएमचा, म्हणजे आपल्या साध्या वहीच्या पानाहूनही हलका. तरी त्याच्यावर शाई फुटत नाही. परदेशी परीक्षणं बहुतेक अशाच कागदावर झालेली असतात, म्हणून तिथे ‘अजिबात फुटत नाही’ असं लिहिलेली शाई आपल्या दोनशेपानी वहीवर पसरते. यात शाईला दोष देण्यात अर्थ नाही आणि परीक्षकालाही. त्याने आपला कागद पाहिलेलाच नाही.

तेव्हा तुलना करायची तर तीन कागद धरावेत: रोजच्या वापरातलं लाँगबुक, झेरॉक्सच्या दुकानात मिळणारा ७५ जीएसएमचा कॉपियर कागद आणि ९० ते १०० जीएसएमचा एखादा चांगला बाँड. सगळ्या शायांसाठी एकाच वहीची, एकाच रिमातली पानं घ्यावीत, कारण त्याच कंपनीचा पुढचा लॉट वेगळा निघतो. पानाच्या दोन्ही बाजूंवर लिहावं. पुष्कळ कागदांची एक बाजू गुळगुळीत आणि दुसरी खरखरीत असते. हाताखाली कागदाचा चिठोरा ठेवावा. तळव्याचं तेल लागलेल्या पानाच्या खालच्या भागात शाई तुटक उमटते आणि ‘ही शाई अडकते’ असा खोटा शेरा पडतो.

मजकुराचंही तसंच. इंग्रजी परीक्षणात सगळी अक्षरं येणारं एक ठरलेलं वाक्य लिहितात. देवनागरीची अडचण वेगळी आहे. इथे शिरोरेघ अक्षरांवरून दुसऱ्यांदा फिरते, त्यामुळे जिथे काना शिरोरेघेला मिळतो तिथे ओल्या शाईवर आणखी शाई पडते. अनुस्वार देताना निब क्षणभर थांबते आणि टिंबाचा डाग होतो. रोमन लिपीत नीट वागलेली ओली, म्हणजे निबेतून सढळ उतरणारी शाई मराठीत म्हणूनच गचाळ दिसू शकते. चाचणीच्या मजकुरात क्ष, ज्ञ, ष्ट, ळ, रफार आणि भरपूर अनुस्वार हवेत. ‘आंब्यांच्या झाडांखाली सर्वांनी कष्टाने ज्ञान आणि क्षमा मिळवली, काळवंडलेल्या फळ्यावर’ असं निरर्थक वाक्य चालेल. सौंदर्य नको, गाठी हव्यात.

कागदाचा विषय निघालाच आहे तर घरचं उदाहरण. दौलताबाद-खुलताबाद भागातल्या कागजीपुऱ्यात हातकागद होतो आणि ही परंपरा तुघलकाच्या काळापासून सांगितली जाते. हातकागद म्हणजे शाई फुटणारच, असा एक समज आहे. जुन्या काळी लिहिण्याचा कागद खळ देऊन वर गुळगुळीत दगडाने घोटलेला असायचा, म्हणून बोरूची शाई त्यावर नीट बसायची. आज पुष्कळ हातकागद निमंत्रणपत्रिका आणि पिशव्यांसाठी बनतो आणि त्याला घोटायचं कारण नसतं. फाउंटन पेनसाठी घ्यायचा असेल तर आधी कोपऱ्यावर ड्रॉपरने पाण्याचा एक थेंब सोडावा. थेंब अर्धा मिनिट मण्यासारखा उभा राहिला तर लिहा. लगेच मुरला तर त्यावर शाईची परीक्षा करू नये, चित्र काढावं.

आता पेन. काचेचा टाक किंवा दौतीत बुडवायची निब वापरून शाया तपासणं सोपं, पण निकाल फसवा. टाकातून पहिल्या शब्दाला भरमसाट शाई उतरते आणि दहाव्याला कोरड पडते. इअरबडने ओढलेला रंगाचा पट्टा तर शाईबद्दल फक्त एवढंच सांगतो की ती इअरबडने ओढली तर कशी दिसते. लिहायला पेन वापरणार असाल तर तपासायलाही पेनच हवं, आणि सगळ्या शायांना एकच. त्यातही दोन पेनं असली तर उत्तम: एक कन्व्हर्टरचं (म्हणजे शाई ओढून घेणारी काढती नळी असलेलं), बारीक निबेचं, कोरडं चालणारं, आणि दुसरं ड्रॉपरने भरायचं, ओलं चालणारं. पायलटच्या इरोशिझुकू मालिकेतल्या शाया ओल्या म्हणून ओळखल्या जातात, पेलिकनच्या ४००१ मालिकेतल्या कोरड्या म्हणून. ओल्या पेनात ओली शाई भरून लाँगबुकवर लिहिलं तर चिखल होतो. कोरड्या पेनात कोरडी शाई भरली तर निब खरखरते आणि माणूस उगीच निब घासत बसतो. जोडी उलट लावली की दोन्ही सुधारतात. एकाच पेनावर दिलेले तारे म्हणूनच निरुपयोगी.

‘ओली’ आणि ‘कोरडी’ हे शब्द मोजताही येतात. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा खिशातला डिजिटल काटा घ्या. भरलेलं पेन टोपण काढून तोला, ठरलेला मजकूर लिहा, पुन्हा तोला. शाई बहुतांश पाणीच असल्याने एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलि धरायला हरकत नाही. मात्र एका पानावर निकाल काढू नका. फरक ०.०५ ग्रॅमच आला तर काट्याची एका आकड्याची चूकही वीस टक्क्यांची होते. चार पानं सलग लिहिली की आकडा विश्वासाचा होतो. त्यावरून पानाला किती शाई लागली ते निघतं, आणि बाटलीच्या किमतीला मिलिने भागलं की पानाचा खर्चही. छोट्या देखण्या बाटल्यांचं कौतुक इथे बरंच कमी होतं.

शाई काढून घेताना पेन बाटलीत बुडवू नये. फीडमधली, म्हणजे निबेखालच्या शाई आणणाऱ्या खाचांच्या तुकड्यातली, जुनी शाई बाटलीत उतरते आणि पुढच्या दहा परीक्षणांत तीच मिसळत राहते. होमिओपॅथीच्या औषधांसाठी मिळणाऱ्या दोन ड्रॅमच्या नव्या, कोऱ्या काचेच्या कुप्या यासाठी उत्तम. त्यांत सात मिलिच्या वर शाई मावते. औषधाच्या वापरलेल्या कुप्या नकोत, साखर आणि स्पिरिट दोन्ही शाईचे शत्रू. सिरिंजने दोन-तीन मिलि घ्या, कुपीवर शाईचं नाव आणि बाटली उघडल्याचा महिना लिहा. बाटलीच्या तळाशी गाळ बसला असेल तर हलवून वर आणू नका. चमकीची शाई तेवढी हलवून घ्यायची असते. वर पांढरी साय दिसली किंवा कुबट वास आला तर ती बुरशी आहे, आणि ती बाटली चाळणीने गाळून नव्हे, टाकूनच द्यायची.

पाण्याबद्दल जरा विस्ताराने लिहावं लागेल, कारण आमच्याकडे निम्म्या तक्रारी तिथून येतात. मराठवाड्यातलं विहिरीचं आणि बोअरचं पाणी बेसॉल्टच्या खडकातून येतं, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो तोच फीडच्या केसाएवढ्या खाचांतही बसतो, फक्त दिसत नाही. एक सोपी चाचणी आहे. आरशाच्या तुकड्यावर बोअरच्या पाण्याचा एक थेंब आणि शेजारी डिस्टिल्ड पाण्याचा एक थेंब वाळू द्या. पहिल्याच्या जागी पांढरी कडी राहील, दुसऱ्याच्या जागी जवळजवळ काहीच नाही. ती कडी म्हणजे प्रत्येक धुण्यात पेनात राहणारा माल.

क्षारांचा परिणाम रंगावरही होतो. शाळकरी धुवट निळ्या, म्हणजे रॉयल ब्लू प्रकारच्या पुष्कळ शायांतला रंग अल्कधर्मी पाण्यात फिका पडतो. निळी शाई पुसायची पेनं याच गुणावर चालतात. खात्री करायची तर धुण्याच्या सोड्याचं पाणी इअरबडने अशा अक्षरावर लावून पाहा. दाट झालेली शाई पातळ करायला कुणी बोअरचं पाणी घालतं आणि मग ‘बाटली भेसळीची’ म्हणून दुकानदाराशी भांडतं. ब्लू-ब्लॅक प्रकारातल्या लोहयुक्त शाईत हेच पाणी गेलं तर लोह खाली बसतं आणि पेन तुंबतं. म्हणून पातळ करायला डिस्टिल्ड पाणीच, तेही थेंबाथेंबाने. आणि पेनाचं शेवटचं धुणंही डिस्टिल्ड पाण्यात. बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड पाणी चालतं, पण बॅटरीच्या दुकानात तशाच कॅनमध्ये ॲसिडही असतं, लेबल वाचूनच घ्या. आरओच्या पाण्यात क्षार कमी असतात, मात्र पुष्कळ यंत्रांत चवीसाठी थोडं मूळ पाणी परत मिसळलेलं असतं. जारच्या पाण्याचा तर भरवसाच नको.

धुणं किती लागतं हाही शाईचा गुण आहे आणि तो कुणी लिहीत नाही. पांढऱ्या चिनीमातीच्या बशीत एक-एक मिलि पाणी सिरिंजने फीडमधून सोडत जा आणि बशीतलं पाणी नितळ होईपर्यंत किती वेळा सोडलं ते मोजा. काही निळ्या शाया आठ-दहा खेपांत निघतात, काही गडद जांभळ्या-लाल शाया तीस खेपांनंतरही कन्व्हर्टरला गुलाबी ठेवतात. न निघणारी शाई पारदर्शक पेनात भरू नये. हट्टी शाईसाठी २०० मिलि डिस्टिल्ड पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एकच थेंब पुरतो. मग साबण पूर्ण निघेपर्यंत पुन्हा साधं डिस्टिल्ड पाणी, नाहीतर पुढची शाई साबणामुळेच फुटेल. गरम पाणी नको, एबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं, पेन त्याने विटतं. लोहयुक्त शाई वाळून बसली असेल तर सोडा किंवा अमोनिया अजिबात नको. १०० मिलि पाण्यात एक ग्रॅम लिंबूसत्त्व घालून निब-फीड दहा-पंधरा मिनिटं भिजवावं आणि लगेच भरपूर धुवावं. रात्रभर ठेवलं तर स्टीलची निब खराब होते.

आता ऊन. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो आणि दुपारची हवा भट्टीसारखी कोरडी. पुस्तकी तुलनेत ‘टोपण काढून दहा मिनिटं ठेवलं तरी लगेच चालतं’ असं लिहिलेली शाई आमच्याकडे पंख्याखाली दोन मिनिटांत निबेवर वाळते. तपासायची रीत सोपी: टोपण काढून निब उघडी ठेवा, अर्धा मिनिट, एक, दोन, पाच, दहा मिनिटांनी प्रत्येकी एक रेघ ओढा, कुठे तुटली ते लिहा. एकदा पंखा बंद ठेवून, एकदा लावून. सोबत खोलीचं तापमान आणि आर्द्रता. दोन्ही दाखवणारं छोटं घड्याळ ऑनलाइन सहज मिळतं. या दोन आकड्यांशिवाय वाळण्याच्या सेकंदांना काही अर्थ नाही.

गंमत म्हणजे त्याच मे महिन्यात कूलर लावलेल्या खोलीत उलटं घडतं. वाळ्याच्या ताट्यांतून आलेली दमट हवा कागद ओढून घेतो, वहीची पानं मऊ पडतात आणि काल न फुटलेली शाई आज फुटते. पावसाळ्यातही तेच. म्हणून एप्रिलमधली चाचणी ऑगस्टमध्ये पुन्हा केल्याशिवाय ‘वागणूक चांगली’ असं लिहू नये. लाल-सोनेरी झाक मारणाऱ्या शायांचा तर पावसाळ्यात बोटांना महिनाभराने सुद्धा रंग लागतो. ती झाक म्हणजे कागदात न मुरता वर साठलेला रंगच असतो, दमट बोट लागलं की तो उठतो. हिशेबाच्या वहीला अशी शाई नको, बाकी हौसेला मोल नाही.

ड्रॉपरने भरायच्या पेनांना उन्हाचा वेगळा त्रास. अर्ध्या रिकाम्या पेनातली हवा तापली की फुगते आणि शाईला निबेतून बाहेर ढकलते. हिशेब छोटा आहे: पेनात दोन मिलि हवा असेल आणि ती २५ अंशांवरून ३५ वर गेली तर सुमारे ०.०७ मिलि फुगते. ड्रॉपरचा एक थेंब ०.०५ मिलिचा. म्हणजे शर्टाच्या खिशात किंवा गाडीच्या डिकीत तापलेल्या पेनाने टोपणात एक टपोरा थेंब सोडणं हा निव्वळ भौतिकशास्त्राचा नियम आहे. पेन गळकं म्हणून परत करायचं कारण नाही. शाई अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नये, पेन निब वर करून न्यावं, उन्हातून आल्यावर टोपण काढताना निब वरच ठेवून क्षणभर थांबावं. आट्यांना सिलिकॉन ग्रीस अगदी पातळ लावावं. रबरी वायसर असेल तिथे व्हॅसलीन नको, रबर फुगतं. शाईच्या तुलनेत हे कशाला, असं वाटेल. पण ओल्या शाईत हा थेंब लवकर सुटतो, कोरड्या शाईत उशिरा, आणि उन्हाळ्यात कोणती बाटली घ्यायची हे पुष्कळदा यावरच ठरतं.

टिकाऊपणाच्या चाचण्या घाईत करू नयेत. पाण्याची चाचणी लिहिल्यानंतर चोवीस तासांनी. एका ओळीवर सिरिंजने ०.१ मिलि पाणी सोडून एका मिनिटाने टीपकागदाने टिपा. दुसरी ओळ अर्धा मिनिट नळाखाली तिरकी धरा. तिसरी तासभर बुडवून ठेवा. निकाल एकच लिहायचा: वाचता येतं की नाही. रंग गेला पण राखाडी रेघ राहिली तर ती शाई कामाची. उन्हाच्या चाचणीसाठी सगळ्या शायांच्या रेघा एकाच कागदावर आडव्या ओढा, अर्धी बाजू ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळलेल्या पुठ्ठ्याने झाका आणि गच्चीवर काचेखाली ठेवा. तीन, सात आणि पंधरा दिवसांनी कागदाची एक-एक पट्टी कापून अंधाऱ्या कपाटात टाका. एप्रिलच्या उन्हात पंधरा दिवस पुरेसे आहेत, धुवट निळ्यांचा निकाल तर त्याच्याही आधी लागतो.

टिकण्याचा विषय आला की लोक मोडी दफ्तराचं उदाहरण देतात, आणि ते बरोबरच आहे. मोडी कागद बहुतांशी काजळीच्या शाईने लिहिलेले. काजळी, बाभळीचा डिंक आणि पाणी खलून केलेली ही शाई. कार्बनला ऊन काही करत नाही, म्हणून कागद पिवळा पडला तरी अक्षर काळं राहतं. पण ही पारंपरिक शाई फाउंटन पेनात घालायची नाही. डिंक वाळला की फीड कायमचं बसतं. स्टेशनरीच्या दुकानात फाउंटन पेनच्या शाईशेजारीच वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक मांडलेली असते, तीही नको, तिच्यात लाखेसारखं द्रव्य असतं. स्टँपपॅडच्या शाईबद्दल बोलायलाच नको. कार्बनचे अतिसूक्ष्म कण असलेल्या, पेनासाठीच बनवलेल्या शाया मिळतात, उदाहरणार्थ प्लॅटिनमची कार्बन ब्लॅक. त्या धुऊन जात नाहीत, मात्र पेन रोज चालवायचं आणि आमच्याकडच्या उन्हाळ्यात दर पंधरवड्याला धुवायचं.

लोहयुक्त ब्लू-ब्लॅक ही दुसरी टिकाऊ जात. फेरस सल्फेट आणि गॅलिक किंवा टॅनिक आम्ल यांचं मिश्रण, शिवाय लिहिताना दिसावं म्हणून निळा रंग. कागदावर आल्यावर हवेतल्या ऑक्सिजनने ते हळूहळू काळं होतं. सकाळी लिहिलेलं निळं दुसऱ्या दिवशी काळपट दिसतं ते यामुळे. परंतु लेबलवर ‘ब्लू-ब्लॅक’ लिहिलेली प्रत्येक शाई लोहयुक्त नसते, आज बऱ्याच नुसत्या रंगाच्या असतात. तपासायचं कसं? ओळ लिहून दोन दिवस ठेवा आणि तासभर पाण्यात बुडवा. निळा रंग सुटून मागे काळसर रेघ नीट उरली तर लोह असण्याची शक्यता दाट. ही शाई आम्लधर्मी असते, साध्या स्टीलच्या निबेत महिनोन्‌महिने ठेवू नये, सोन्याच्या निबेला भीती नाही. सातबाराच्या टिपणापासून सोयरिकीच्या यादीपर्यंत जे जपायचं ते या शाईने लिहावं. धनादेशावरही गडद शाईच हवी. धनादेश आता स्कॅन होऊन पुढे जातात आणि फिक्या फिरोजी शाईची सही काळ्या-पांढऱ्या प्रतीत बुजते.

आपल्या लेखात देशी शायांना ‘बजेट’ म्हणून एका ओळीत उरकलं आहे, ते पटलं नाही. कॅमलिनची सुरुवात १९३१ मध्ये मुंबईत दांडेकर बंधूंनी शाईची पूड आणि गोळ्या विकून केली. पार्करची क्विंक बाजारात आली तेही १९३१ सालच. बंगालमध्ये स्वदेशीच्या भरात १९३४ मध्ये सुलेखा निघाली. बंगळुरूची ब्रिल पिढ्यान्‌पिढ्या शाळांतून चालली. स्वस्त शाई आपल्या स्वस्त कागदावर कशी वागते हे तपासायच्या आधीच तिला मागच्या बाकावर बसवणं बरं नव्हे. वर सांगितलेल्या चाचण्या लावा, मग जो क्रम येईल तो येवो.

एक चाचणी शाळेच्या प्रयोगशाळेतही होईल. गाळण कागदाची दोन सेंटिमीटर रुंद, बारा सेंटिमीटर लांब पट्टी घ्या. खालून दोन सेंटिमीटरवर शाईचा ठिपका देऊन वाळवा. पट्टीचं खालचं एक सेंटिमीटरच डिस्टिल्ड पाण्यात बुडेल अशी ती टांगा, ठिपका पाण्याला लागता कामा नये. पाणी वर चढताना रंग सुटे होत जातात. क्विंकच्या काळ्या शाईतून निळा आणि पिवळट-तपकिरी असे रंग निघताना पाहिले की ‘काळा’ या शब्दावरचा विश्वास उडतो. पाण्याबरोबर टोकापर्यंत धावलेला रंग पावसात आधी धुऊन जाणार आणि ठिपक्याच्या जागीच राहिलेला टिकणार, एवढा अंदाज नक्की बांधता येतो. दोन शाया मिसळायचा मोह होणाऱ्यांनी मात्र आधी कुपीत एक-एक मिलि मिसळून दोन दिवस थांबावं. तळाशी गाळ किंवा कडेला चिकटा दिसला तर ते मिश्रण पेनात जाता कामा नये. लोहयुक्त शाई दुसऱ्या कशातच मिसळू नये.

रंगाबद्दल थोडक्यातच. मोबाइल स्वतःच्या मर्जीने पांढरा रंग ठरवतो, ट्यूबलाइटखाली निळा जांभळा होतो आणि वर्तमानपत्राच्या छपाईत उरलंसुरलंही जातं. फोटो काढायचाच तर दुपारी बारा-एकच्या सुमारास सावलीत, आणि चौकटीत ओळखीची एक शाई तुलनेला हवीच. सगळ्यांनी पाहिलेल्या कॅमलिनच्या रॉयल ब्लूची एक रेघ प्रत्येक फोटोत असली तर बाकीच्या निळ्यांचा अंदाज येतो.

तेव्हा पुढच्या वेळी तारे छापले नाहीत तरी चालतील. त्याऐवजी प्रत्येक शाईखाली दोन ओळी द्याव्यात: पेन व निब, तीन कागदांवर फुटते का व मागे उमटते का, वाळायचे सेकंद आणि त्या वेळचं तापमान-आर्द्रता, चोवीस तासांनी पाण्यात वाचता येतं का, पंधरा दिवसांच्या उन्हात किती उरलं, धुवायला किती खेपा लागल्या. एवढं वाचून सेलूचा किंवा उदगीरचा वाचक स्वतःचा निकाल स्वतः लावू शकेल.

आणि एक विनंती शब्दकोड्याबद्दल. आपला कागद बिनखळीचा न्यूजप्रिंट असल्याने फाउंटन पेनने कोडं सोडवणाऱ्यांची पंचाईत होते. कोरडी शाई आणि अतिबारीक निब घेतली, ती उलटी धरली, अक्षर एका दमात लिहून लगेच टिपलं, तर चौकट निभावते, पण ‘क्ष’ आला की शेजारच्या घरात घुसतो. चौकटी दोन मिलिमीटर मोठ्या केल्या तर बरं होईल.

आपले,
फाउंटन पेन वापरणारे काही वाचक,
परभणी